फाडलेला कोपरा

छबूने पाचही सागरगोटे माझ्या ओंजळीत टाकले आणि म्हणाली, “घे, तूच जिंकलीस.”

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. छबू आणि हरली? मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर आम्ही चार वर्षं खेळत होतो आणि चार वर्षांत तिने मला एक डाव सुखाने जिंकू दिला नव्हता. हरायची वेळ आली की ती हमरीतुमरीवर यायची, नाहीतर ‘वारा आला’ म्हणून डाव मोडायची. त्या दिवशी सागरगोटा तिच्या पालथ्या हातावर नीट पडला होता आणि तिने हात तिरका केला होता. मी डोळ्यांनी बघितलं होतं.

“तू मुद्दाम पाडलास,” मी म्हणाले.

“न्हाय बा.”

“आईची शपथ घे.”

तिने शपथ घेतली नाही. सागरगोट्यांकडे बघत म्हणाली, “घरला जा आता. काकी एकलीच आसंल. दिस भरल्यात तिचं.”

मी जिंकल्याच्या तोऱ्यात घरी गेले.

तो पासष्ट सालचा सप्टेंबर. पाकिस्तानशी लढाई जुंपली होती. आमच्या बोरजाईवाडीत तेव्हा घरटी एक तरी माणूस फौजेत असायचा. माझे आबा नाईक होते आणि छबूचा थोरला भाऊ हिंदुराव त्यांच्याच पलटणीत नवा शिपाई होता. जूनमध्ये सुट्टी संपवून दोघे एकाच एसटीने गेले. निघताना छबूच्या आईने, सोनाकाकीने, पदर डोळ्याला लावला तेव्हा आबा म्हणाले होते, “वहिनी, पोराला माझ्या सावलीत ठेवतो. काळजी सोडा.” मी आबांच्या बोटाला धरून उभी होते, म्हणून ते वाक्य मला पाठ आहे.

छबूचे वडील केरबातात्या म्हणजे आमचे पोस्टमन. शाळेच्या पडवीत पोस्ट होतं आणि आमचे शेवाळे गुरुजीच पोस्टमास्तर होते. तात्या दुपारी फाट्यावरून थैली आणायचे, गुरुजी ती उघडायचे आणि मग तात्या आधी वाडीतली आणि नंतर तिन्ही वस्त्यांवरची पत्रं वाटत फिरायचे. लढाई सुरू झाल्यापासून तात्या गल्लीत शिरले की बायका हातातलं काम टाकून दारात यायच्या. पत्र कुणाचं आहे हे नंतर, आधी सगळ्यांची नजर जायची ती त्याच्या कोपऱ्यावर.

हल्लीच्या मुलांना हे ठाऊक नसेल. पत्रात मयताची बातमी असली की लिहिणारा पोस्टकार्डाचा एक कोपरा फाडायचा. वाचता न येणाऱ्या बाईलाही हात लावण्याआधी कळावं म्हणून. असं पत्र उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही, बाहेरच कुणाकडून तरी वाचून घ्यायचं आणि तिथेच तुकडे करून टाकायचे. सरकारी तार यायची ती यायचीच, पण पुष्कळदा पलटणीतल्या कुणा सोबत्याने लिहिलेलं असं पोस्टकार्ड तारेच्या आधी पोचायचं. केरबातात्या ते थैलीत ठेवत नसत. दोन बोटांत धरून आणायचे आणि त्या घराच्या दारात पोचण्याआधी पायातल्या वहाणा काढायचे.

आम्ही दोघी लहानपणी पळसाच्या पानांची पत्रं करून पोस्टमन पोस्टमन खेळायचो. एकदा मी गंमत म्हणून पानाचा कोपरा फाडला, तर सोनाकाकीने धावत येऊन माझ्या पाठीत धपाटा घातला होता. “खेळात सुदिक कोपरा फाडायचा न्हाय, मेले!” तेव्हा छबू माझ्यापेक्षा मोठ्याने रडली होती.

सागरगोट्यांच्या त्या सोमवारनंतर छबू पार बदलली. माझी कळशी तीच विहिरीवरून भरून आणू लागली. शाळेत स्वतःच्या वाटणीचे गूळ-शेंगदाणे माझ्या हातावर ठेवू लागली. तिच्याकडे जत्रेत घेतलेली निळ्या मण्यांची माळ होती, तिला ती कुणाला हात लावू देत नसे. ती तिने गळ्यातून काढली आणि माझ्या गळ्यात घातली. मी काय, अकरा वर्षांची पोर. मला वाटलं, पाचवीत माझा पहिला नंबर आला त्याचा हा मान. मी चढून बसले. तिला हुकूम सोडू लागले आणि ती निमूट ऐकू लागली.

तिसऱ्या दिवशी आईने मला आबांना पत्र लिहायला बसवलं. आई भिंतीला टेकून, पोटावर हात ठेवून सांगत होती आणि मी पाटावर कार्ड ठेवून लिहीत होते. छबू शेजारी बसली होती.

“लिही, आता आठ दिसांत मोकळी हुईन. पोरगा झाला तर नाव तुमी ठिवायचं. पोरगी झाली तर मी,” आई म्हणाली आणि हसली. माझी दोन भावंडं जन्मतःच गेली होती, म्हणून या खेपेला ती फार जपत होती.

आईचं सांगून झालं. खाली दोन ओळींची जागा उरली होती. मी लिहिलं, ‘आबा, येताना मला शाईचं पेन आणा.’ मग मी छबूला विचारलं, “तुला काय सांगू?”

ती पाटाची कड नखाने कोरत राहिली.

“सांग की गं. आबा आणतील.”

“मला बी पेन सांग,” छबू म्हणाली. “येक तुला, येक मला.”

मी लिहिलं. तात्या संध्याकाळी येऊन पत्र घेऊन गेले. आई त्यांना म्हणाली, “दाजी, लवकर पोचंल न्हवं?” आणि तात्या म्हणाले, “पोचंल की, वहिनी.”

नवव्या दिवशी, बुधवारी, आईला मुलगा झाला. पहाटे झाला, आणि त्याच दिवशी पाटलांच्या रेडिओवर लढाई थांबल्याची बातमी आली. वाडीत साखर वाटली गेली. मी घरोघर जाऊन सांगितलं की आता आबा येणार आणि बाळाचं नाव ठेवणार. साखर घेताना बायका माझ्याकडे बघत नव्हत्या, तेही मला आनंदाचंच वाटलं.

गुरुवारी सकाळी पाटलीण, गोदा सुईण, सोनाकाकी आणि आणखी चार बायका आमच्या घरात शिरल्या. तात्या आणि गुरुजी बाहेर उभे राहिले. तात्यांच्या पायात वहाणा नव्हत्या.

आईच्या बांगड्या तिचे हात उंबऱ्यावर आपटून फोडल्या. दोन्ही मनगटं चिरली. ते वण ती गेली तोवर होते.

गुरुजींनी सांगितलं की तार काल आली. आम्ही खरं मानलं.

बारा दिवसांनी मी छबूच्या घरी ताक मागायला गेले. घरात कुणी नव्हतं, छबू मागच्या दारी भांडी घासत होती. मी तिची वाट बघत उभी राहिले आणि सहज वर बघितलं, तर वळचणीला एक पोस्टकार्ड खोचलेलं. माझंच अक्षर. ‘येताना मला शाईचं पेन आणा. एक छबूलाही.’

मी ते काढून हातात घेतलं. कार्डावर शिक्का नव्हता. ते थैलीत गेलंच नव्हतं.

छबू ओल्या हातांनी आत आली आणि जागच्या जागी थांबली.

“तार कधी आली?” मी विचारलं.

तिची नजर माझ्या हातातल्या कार्डावर गेली.

“छबे, कधी आली तार?”

“सोमवारी.”

“कुठल्या? सागरगोटे खेळलो त्या?”

“व्हय.” तिने हात परकराला पुसले. “गोदामावशी म्हणली, आता सांगितलं तर बाळ बी जाईल आन् काकी बी. समद्यांनी ठरवलं, मोकळी हुईस्तवर बोलायचं न्हाय. म्या तात्याचं आन् गुरुजींचं ऐकलं. तात्यानं मला शपथ घातली.”

“पत्र लिहिताना तुला ठाऊक होतं?”

“व्हय.”

“आणि पेन मागितलंस?”

मी गळ्यातली निळी माळ ओढली. दोरा तुटला आणि मणी जमिनीवर उधळले. छबू खाली बसून ते गोळा करू लागली. मी ताक न घेता घरी आले.

मोठ्यांनी जे केलं ते शहाणपणाचं होतं, हे मला आज कळतं. बाळ जगलं, आई जगली. पण अकरा वर्षांच्या मला ते कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. मोठ्यांवर माझा राग नव्हता, मोठी माणसं खोटं बोलतातच. छबू माझी होती. तिने नऊ दिवस मला नाचवलं, मेलेल्या बापाला पत्र लिहू दिलं, वर त्याच्याकडे पेन मागितलं. मी तिच्याशी बोलणं टाकलं. शाळेत जागा बदलली. ती रोज माझ्या पाटीखाली एक निळा मणी ठेवायची आणि मी रोज तो तिच्या देखत नाल्यात फेकायचे.

एवढ्याने माझं पोट भरत नव्हतं. कोजागिरीला सगळी वाडी बोरजाईला गेली तेव्हा मी ओटीच्या नारळाला हात लावून देवीला म्हटलं, हिंदुरावचंही असंच होऊ दे. अगदी अशाच शब्दांत म्हटलं. आणि देवीने ऐकलं असं वाटायला जागा होती, कारण लढाई थांबून महिना होत आला तरी हिंदुरावचं पत्र नव्हतं. इतरांची येत होती. सोनाकाकी खंगत चालली होती. हिंदुरावची बायको सगुणावहिनी सतरा वर्षांची, लग्नाला वर्ष झालेलं. ती पाण्याला येताना हिरव्या बांगड्या मनगटावर वर सारून पदराखाली झाकायची, कुणाची दृष्ट लागू नये म्हणून. मी मनात दिवस मोजत होते.

दिवाळीला आठवडा होता. केरबातात्या हिंदुरावची चौकशी करायला साताऱ्याला फौजी कचेरीत गेले होते, म्हणून त्या दिवशी थैली कंडक्टरने फाट्यावरच्या हॉटेलात ठेवली आणि गुरुजींनी ती मला आणायला पाठवलं. आबा गेल्यापासून गुरुजी मला अशी कामं द्यायचे. शिक्का मारायलासुद्धा द्यायचे. मी शिक्के मारत होते आणि गुरुजी पत्रं लावत होते. मध्येच ते उठून उभे राहिले.

“अगं, हिंदुरावचं पत्र!” त्यांनी वरच्या दोन ओळी वाचल्या. “खुशाल आहे पोरगा! दिवाळीला येतोय! मालन, पळ. सोनाबाईच्या हातात दे आणि वाचून दाखव. पळ, पोरी!”

मी पळाले. ओढ्यापाशी थांबून पत्र वाचलं. पोस्टकार्ड म्हणजे उघडा कागद, ते वाचणं आमच्याकडे कुणाला गैर वाटत नसे.

‘तीर्थरूप तात्या व आई यांस शिरसाष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. दिवाळीला सुट्टीवर येतो. हाताला गोळी लागली होती म्हणून दवाखान्यात होतो व लिहिता आले नाही. आता बरा आहे. नाईकसाहेबांनी मला मागे ढकलले व स्वतः पुढे गेले म्हणून मी वाचलो. आल्यावर मालनच्या आईच्या पाया पडेन.’

मी ते दोनदा वाचलं. आबांनी शब्द पाळला होता. पोराला सावलीत ठेवलं होतं. आणि त्या पोराच्या घरात आता करंज्या तळल्या जाणार होत्या, आणि आमच्या घरात आई मोकळ्या हातांनी बाळाला न्हाऊ घालत होती. बोरजाईनेही मला फसवलं होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी कार्डाचा खालचा कोपरा धरला आणि फाडला. तुकडा मुठीत ठेवला आणि चालू लागले. आता पळायची गरज नव्हती.

छबू गल्लीतच भेटली, डोक्यावर कळशी घेऊन. मी तिच्यापुढे कार्ड धरलं. पंधरवड्यात पहिल्यांदा तिच्याशी बोलले.

“तुमचं पत्र.”

तिचे डोळे आधी माझ्याकडे आले. मी बोलले म्हणून तिच्या तोंडावर हसू फुटलं होतं, मला ते स्पष्ट दिसलं. मग तिने कार्ड हातात घेतलं आणि कोपरा बघितला. कळशी खाली पडली. पाणी आमच्या दोघींच्या पायांवरून गेलं.

“वाच की,” मी म्हणाले.

अक्षरावर तिची नजर ठरत नव्हती. “तू वाच,” ती म्हणाली. “मालन, तू वाच. काय लिवलंय?”

मी गप्प उभी राहिले. तिने नऊ दिवस जे केलं ते मी करत होते. मला त्या क्षणी वाईट वाटलं असं लिहायला हवं, पण ते खोटं होईल. मला बरं वाटलं. महिन्यात पहिल्यांदा छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

कळशीच्या आवाजाने सोनाकाकी दारात आली. तिने लांबूनच छबूच्या हातातला कागद बघितला आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो सगळ्या वाडीने ऐकला. बायका घराघरातून धावल्या. पत्र काय म्हणतंय हे कुणी विचारलं नाही. कोपऱ्याने सांगितलं होतं तेवढं पुरेसं होतं. छबू कार्ड छातीशी धरून भिंतीला चिकटली. सगुणावहिनीला आतून ओढत अंगणात आणलं. ती रडतही नव्हती, “काय झालं? काय झालं?” एवढंच विचारत होती. दोघींनी तिचे हात धरले आणि उंबऱ्याकडे नेले.

“थांबा!” असं कुणीतरी म्हणालं. मला वाटलं कुणाच्या तरी लक्षात आलं. बघते तर माझी आई, बाळाला घेऊन गर्दीतून पुढे येत होती.

“आपटू नगासा तिचं हात. माझी मनगटं चिरली तशी हिची नगं. म्या करते.” तिने बाळ माझ्याकडे दिलं. “धर गं.”

मी बाळाला धरलं, एका हाताची मूठ मिटलेली तशीच. आईने सगुणावहिनीचं मनगट मांडीवर घेतलं, बांगड्यांखाली आपला पदर सरकवला आणि लहानसा दगड घेऊन एकेक बांगडी हळू हळू फोडली. “झालं बाळा, झालं,” असं म्हणत होती. दोन्ही हातांवर ओरखडासुद्धा उमटू दिला नाही. मग तिनेच अंगठ्याने कुंकू पुसलं.

तोंड उघडायला मला एक क्षण पुरे होता, पण छबूला तेवढ्यात सोडायचं नव्हतं. मग दुसरी बांगडी फुटली, तिसरी फुटली, आणि नंतर सांगायला उशीर झाला होता.

गुरुजी धोतर सावरत धावत आले. त्यांनी छबूच्या हातातून कार्ड ओढून घेतलं. “अगं बायांनो, काय करताय काय? मी वाचलंय हे! खुशालीचं आहे! जिवंत आहे हिंदुराव!” आणि त्यांनी ते पहिल्या अक्षरापासून मोठ्याने वाचलं. आबांच्या ओळीपाशी त्यांचा आवाज अडखळला, पण तेही त्यांनी वाचलं.

अंगणात हिरव्या काचा पडल्या होत्या. आई दगड हातात घेऊन बसली होती, तशीच बसून राहिली.

पहिल्यांदा सोनाकाकी बोलली, आणि आईला बोलली. “जित्या लेकाच्या बायकूच्या बांगड्या फोडल्यास गं, कैदाशिणी!” आईने मान वर केली नाही.

“कोपरा कुणी फाडला?” गुरुजी ओरडले. त्यांची नजर माझ्यावर आली. “मालन, मी तुझ्याकडे अख्खं पत्र दिलं होतं.”

सगळी गर्दी माझ्याकडे वळली. आईसुद्धा. बाळाला सावरल्यासारखं करून मी मूठ तोंडाशी नेली आणि तुकडा जिभेखाली सारला. कागदाला खळीची चव होती. माझं तोंड हलताना फक्त एकीने बघितलं.

“म्या फाडला,” छबू म्हणाली.

“तू?”

“मालननं मला गल्लीत दिलं ते चांगलंच व्हतं. म्या फाडला. आईची चेष्टा करायची व्हती.”

मी तुकडा गिळला.

संध्याकाळच्या एसटीने केरबातात्या आले. साताऱ्याला त्यांना मुलगा जिवंत असल्याचं कळलं होतं, त्यांनी पेढे आणले होते. गल्लीत शिरल्यावर त्यांना बाकीचं कळलं. त्यांनी थैलीचा पट्टा सोडवला आणि छबूला अंगणात सगळ्यांसमोर मारलं. आमच्या घरात आवाज येत होता, पट्ट्याचा. छबूचा येत नव्हता. मग पट्ट्याचा थांबला आणि तात्यांच्याच रडण्याचा येऊ लागला.

आईने मला जवळ ओढलं. “मालन, पत्र आखं व्हतं न्हवं? तू दिलंस तवा?”

“अख्खं होतं,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी छबू विहिरीवर भेटली. पाठीवर पट्ट्याचे वळ, त्यामुळे चोळी न घालता आईचं जुनं लुगडं गुंडाळलेलं. आजूबाजूला कुणी नव्हतं.

“का केलंस असं?” मी विचारलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, आता फिटलं, आता बोल माझ्याशी. मी बोलायला तयारही होते.

“तुला काय वाटलं, तुझ्यासाटी केलं?” छबू म्हणाली. “मालन, म्या नऊ दिस गप बसले. रोज वाटायचं, सांगून टाकावं. तू पेन काय सांगू म्हणलीस तवा मी गप ऱ्हायले असते तर तुला कळलं असतं, म्हनून बोलले. तुला काय ठावं गप बसणं म्हंजी काय असतंया.” तिने पोहरा वर ओढला आणि कळशीत ओतला. “आता बस. तू बी बस. जलमभर बस.”

“मी सांगेन सगळ्यांना.”

“सांग. म्या म्हणीन खोटं बोलतीया. मला वाचवाय बोलतीया. बग कोण ऐकतंय तुजं.”

तिने कळशी डोक्यावर घेतली आणि गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.

हिंदुराव दिवाळीला आला. त्याने माझ्या आईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि ती त्याला उठ म्हणायला विसरली. सगुणावहिनीच्या हातात नव्या बांगड्या भरल्या, पण हळदीकुंकवाला तिला कुणी पुढे बोलवेना. छबूला सगळे पांढऱ्या पायाची म्हणू लागले. चौदाव्या वर्षी तिला फलटणकडच्या एका बिजवराला दिली. एकाहत्तरच्या लढाईत हिंदुराव खरंच गेला, तेव्हा लोक म्हणाले, बांगड्या सहा वर्षं आधीच फुटल्या होत्या, बहिणीच्या हाताने. तोवर मी साताऱ्याला वसतिगृहात होते, शहीद जवानाची मुलगी म्हणून शिकत होते. पुढे शिक्षिका झाले. त्या चाळीस वर्षांत मुलांना कितीदा सांगितलं असेल मी, खरं बोला म्हणून.

गेल्या माघात छबू गेल्याचा फोन आला. मी दहाव्याला गेले. सगुणावहिनी छबूच्याच घरी होती. सासू-सासरे गेल्यावर छबूने तिला आपल्याकडे आणली होती आणि तीस वर्षं सांभाळली होती. पंचाहत्तरीची म्हातारी, पडवीत घोंगडीवर बसली होती. मला ओळखून तिने हात धरला. मी आसपास बघितलं. छबूची दोन मुलं होती, सुना होत्या. मला वाटलं, आता मला खोटं पाडणारी गेली. आता तरी बोलावं.

“वहिनी,” मी म्हणाले, “तुमच्या पत्राचा कोपरा छबूने नव्हता फाडला. मी फाडला होता.”

सगुणावहिनी हसली. माझा हात थोपटू लागली.

“छबी म्हणलीच व्हती. दवाखान्यात असताना म्हणली, वहिनी, म्या गेल्यावर मालन येईल. आन् म्हणंल, कोपरा म्या फाडला. तिचा लई जीव हाय माझ्यावर. माझा दोष सोताच्या डोईवर घ्यायला बगंल. तिचं काय बी ऐकू नगा.”

“वहिनी, खरंच मी...”

“ऐकू नगा म्हणली. तिला गोड च्या करून द्या म्हणली.” मग आत तोंड करून, “सूनबाई, टीचरबाईंना च्या टाक गं. आपल्या छबीची मैत्रीण हाय.”

मी आणखी दोनदा सांगून बघितलं. थोरल्या मुलाने डोळे पुसले आणि म्हणाला, “आईनं सांगितलं होतं तसंच बोलताय तुम्ही, मावशी.”

चहा आला. सगुणावहिनीनेच कप माझ्यापुढे केला. तिच्या हातात बांगड्या नव्हत्या. मी कप घेतला आणि गप्प बसून सगळा चहा प्यायले. छबू कधी हरत नसे. ते नऊ दिवस सोडले, तर कधीच नाही.